बोटावरची चिमटी

आयसीयूत जाऊन परत आलेल्या माणसाकडून लोकांची एक अपेक्षा असते. त्याने खोल गेलेल्या आवाजात बोलावं, शरीर कसं नश्वर आहे ते सांगावं आणि अधूनमधून खिडकीबाहेर बघावं. मी हे करून पाहिलं. बायको म्हणाली, "अपचन झाल्यासारखं तोंड दिसतंय, बंद करा."

खरं सांगायचं तर मी तिथून दोन गोष्टी घेऊन आलो. ढगळ झालेल्या पँटी आणि एक लाज. पँटी नेरूळच्या शिंप्याने आत घेऊन दिल्या. लाज आत घेणारा कोणी सापडला नाही, म्हणून लिहायला बसलोय. ज्यांना तिथे जायची वेळ येईल किंवा ज्यांचं माणूस आत असेल, त्यांना यातलं काही उपयोगी पडलं तर पडो.

आग्रह झाला तर

सुरुवात उलव्याला चुलतभावाच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीत झाली. जिलेबी मी किती खाल्ली ते सांगत नाही, वाढपी माझ्या रांगेत यायचा बंद झाला एवढं पुरे. परत येताना पोटाच्या वरच्या बाजूला कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घालून पाठीतून बाहेर काढतंय असं वाटायला लागलं. मी निदान केलं, गॅस. पामबीच रोडला गाडी थांबवून लिंबू सोडा प्यायलो. मग आणखी एक. सुनीता, म्हणजे माझी बायको, म्हणत होती सरळ हॉस्पिटलला चला. मी म्हणालो, आधी घरी जाऊन आंघोळ करतो. घामाने भिजलेल्या अवस्थेत डॉक्टरांसमोर जायचं म्हणजे काय वाटेल त्यांना!

आंघोळ झाली नाही. बाथरूमच्या दारातच कोसळलो.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरने विचारलं, "ड्रिंक्स घेता?" मी गुडघे पोटाशी घेऊन पडलेलो, तरी तोंड काही गप्प बसेना. म्हणालो, "आग्रह झाला तर नाही म्हणत नाही."

कोणी हसलं नाही. त्याने मान डोलावून लिहून घेतलं. स्वादुपिंड सुजलं होतं, आणि ते बहुतेकांचं दारूने सुजतं असा समज असल्याने मी तिथल्या तिथे बेवडा ठरलो. खरं तर माझ्या पित्ताशयातला एक खडा नको तिथे जाऊन अडकला होता. पण सोनोग्राफीत तो सापडेपर्यंत प्रत्येक डॉक्टरने मला सुनावलं. सुनीताचा भाऊ कल्याणहून येऊन पायाशी हात जोडून उभा राहिला, "भावोजी, आता तरी सोडा." सोसायटीत बातमी पसरली. सुनीता माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुम्ही सरणावर चढलात तरी जोक माराल."

मला ते कौतुकच वाटलं. माणसाला आपला रोग कुठला ते किती उशिरा कळतं बघा.

दोन खाटा, एक सिस्टर

आयसीयूत एका सिस्टरकडे दोन पेशंट असतात. वैशाली सिस्टरकडे मी आणि माझ्या शेजारचे आबा. मध्ये हिरवा पडदा.

वैशाली परभणीकडची. घणसोलीला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. तिने पहिल्याच दिवशी मला "काका" म्हटलं. माझा इतका अपमान कधी झाला नव्हता. "काका नको, नावाने हाक मार," म्हटलं, तर म्हणाली, "बरं काका."

मला तोंडाने काही द्यायचं नव्हतं. पाणीसुद्धा नाही. नाकात नळी, खाली नळी, मानेत सुई. त्या दिवसांत तिने ओल्या कापसाचा बोळा माझ्या ओठांवरून फिरवणं ही माझी सकाळ, दुपार आणि संध्याकाळ होती. आयुष्यात अनेक हॉटेलांत जेवलोय, त्या बोळ्याइतकं चवदार काही खाल्लेलं आठवत नाही.

तिची एक पद्धत होती. कुठलंही काम करण्याआधी ती सांगायची. "काका, सुई टोचते हं. काका, कूस बदलतोय आपण." बेशुद्ध माणसालाही सांगायची. मी विचारलं, "त्यांना काय कळतंय?" तर म्हणाली, "कळो न कळो. न सांगता कुणाच्या अंगाला हात लावू नये ना."

मधल्या टेबलापाशी सिस्टर मोठमोठ्याने हसायच्या. भेटायला आलेल्या लोकांना ते आवडायचं नाही. इथे माणसं मरतायत आणि या खिदळतायत, असे चेहरे करून ते बघायचे. मी मात्र पडल्या पडल्या दुसरी बाजूही बघत होतो. एक नवीन मुलगी चादरींच्या खोलीत शिरून रडत होती. तिचा पहिलाच पेशंट गेला होता. वैशाली दारातून म्हणाली, "आधी चहा पी गं. उपाशीपोटी रडलं की चक्कर येते." मग त्या पोरीचं अर्धं काम हिने उरकलं, आणि ती तोंड धुऊन परत आली तेव्हा कोणी तिच्याकडे मुद्दाम पाहिलं नाही. थोड्या वेळाने टेबलापाशी परत हसणं सुरू. मला वाटलं, वा, चांगला प्रेक्षकवर्ग आहे.

होय. मला तेवढंच वाटलं.

माझा शोध

बोटाला एक चिमटी लावलेली असते. रक्तात प्राणवायू किती आहे ते ती दाखवते. चिमटी निघाली की मशीन साधं किणकिणतं, आणि सिस्टर लांबूनच म्हणतात, "काका, चिमटी." पण चिमटी अर्धवट सरकवली, तर मशीन फसतं. आकडा घसरायला लागतो आणि जी घंटा वाजते तिने अख्खं आयसीयू मान वळवतं. हा शोध मी स्वतः लावला. पावणे एमआयडीसीत माझा छापखाना आहे, मिठाईची खोकी छापतो. मशीनला फसवण्याचा तीस वर्षांचा अनुभव तिथे कामी आला.

घंटा वाजली की वैशाली धावत यायची. मग मी निरागसपणे, "अगं, घसरली वाटतं," म्हणून एक किस्सा सुरू करायचो. माझ्याकडे माझ्याच फजितीचे किस्से पुष्कळ आहेत. ती "काका, हे बरं नाही हं," म्हणत चिमटी बसवायची, आणि बसवता बसवता हसायची. एकदा तिने वरून पट्टी चिकटवली. पट्टी नखाने सोडवायला मी लवकरच शिकलो. हॉस्पिटलातला सगळ्यात लाडका पेशंट मीच, अशी माझी खात्री झाली होती.

शेजारचे आबा

शेजारचे आबा दिवाळे कोळीवाड्यातले. जन्मभर होडीवर. आता फुप्फुसं थकलेली. डॉक्टरांनी आणि घरच्यांनी मिळून ठरवलं होतं की आता पुन्हा श्वासाच्या मशीनवर घालायचं नाही. त्यांच्या मशीनची घंटाही बंद करून ठेवली होती. त्यांची मुलगी नंदा, दिवाळ्याच्याच बाजारात मासळी विकणारी, दिवसभर बाहेरच्या बाकड्यावर बसून असायची.

त्या दुपारी डॉक्टरांनी तिला सांगितलं की आता फार वेळ नाही. तिची आई घरी. गुडघ्यांनी अधू, कोणी आणल्याशिवाय येऊ न शकणारी. पडद्यापलीकडचं बोलणं मला स्वच्छ ऐकू येत होतं.

"मी आयला घेऊन येतंय. तवर त्याचा हात सोडू नको."

"नाही सोडत, ताई. इथेच बसते. एकटं नाही ठेवणार आबांना."

स्टूल सरकल्याचा आवाज आला. पडद्याच्या फटीतून मला तिचा हात दिसत होता. आबांच्या काळसर, गाठीगाठींच्या बोटांवर ठेवलेला. बाकीच्या सिस्टर पार दुसऱ्या टोकाला, नुकत्याच आलेल्या अपघाताच्या पेशंटभोवती.

माझे ओठ सुकले होते. मी हाक मारली. ती म्हणाली, "थोडं थांबा काका, येते."

थोडं थांबलो. ती आली नाही. पुन्हा फटीतून पाहिलं, तर ती नुसती बसलेली. काही करत नव्हती. आणि मला काय वाटलं ते लिहितो, कारण ते लिहिलं नाही तर या लेखाला अर्थ नाही. मला मत्सर वाटला. केस पांढरे झालेला, लग्नाच्या वयाची मुलगी असलेला मी, शेवटचे श्वास मोजणाऱ्या माणसाचा मत्सर करत होतो. माझी सिस्टर त्याच्यापाशी बसलीय म्हणून. नंदाचं बोलणं मी विसरलो नव्हतो. सगळं ऐकलं होतं, सगळं लक्षात होतं.

मी चिमटी सरकवली.

घंटा वाजली. पलीकडे स्टूल हललं. ती आली, आकडा पाहिला, बोट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चिमटी नीट बसवली. मी ओठांकडे खूण केली. तिने बोळा ओला केला. आणि मी किस्सा सुरू केला.

किस्सा असा. एका लग्नाची मिठाईची खोकी माझ्याकडे छापायला आली होती. मजकुरात नवरानवरीची नावं आणि खाली निमंत्रकांची. मी सोन्याच्या अक्षरांत नवऱ्याच्या नावाशेजारी नवरीच्या ऐवजी नवरीच्या आईचं नाव छापलं. खोकी मांडवात पोचली. मुलीच्या बापाने एक उचललं, चष्मा लावून वाचलं आणि जावयाला विचारलं, "मग मी आता कुठे राहू?"

वैशाली हसली. खांदे हलेपर्यंत. बोळा धरलेला हात तोंडाशी नेऊन हसली. मी लगेच दुसरा किस्सा काढणार होतो, पण ती "पुरे काका, जाते," म्हणून वळली.

पलीकडे स्टूल परत सरकलं. मग काहीच आवाज आला नाही.

थोड्या वेळाने एक सिस्टर सगळ्या खाटांचे पडदे एकामागून एक ओढत गेली. कड्या सळसळत होत्या. मला वाटलं, कोणाचं तरी ड्रेसिंग असेल. मग वैशालीचा आवाज आला, नेहमीसारखा मऊ. "आबा, नाकातली नळी काढते हं. झालं. आता तोंड पुसू. थोडं वळायचं, हां, अस्सं."

मला आनंद झाला. खरोखर झाला. म्हटलं, नळी काढली, म्हणजे म्हातारा सुधारला! मघाचा मत्सर आठवून थोडं ओशाळल्यासारखंही वाटलं, आणि ते भरून काढायला मी पडद्यावरून ओरडलो, "आबा, नळी सुटली का? मग आता पार्टी! सुरमईच्या खाली काही चालणार नाही!"

पलीकडचा आवाज थांबला.

मग तोच आवाज, तसाच मऊ. "आबा, हात सरळ करते हं."

पडदे ओढणारी सिस्टर माझ्यापाशी आली आणि हळू म्हणाली, "काका, शांत राहा. आबा गेलेत."

नव्हते मी

नंदा आईला व्हीलचेअरवर घेऊन आली तेव्हा सगळं आवरून झालं होतं. आईचं रडणं ऐकलं. नंदाचं नाही. तिने एकच विचारलं.

"हात धरलेलास नं?"

हो म्हणायला काय लागतं? मी तर त्या जागी आणखी चार वाक्यं जोडून दिली असती. आबा शांत गेले, चेहऱ्यावर हसू होतं, तुमचं नाव घेतलं.

वैशाली म्हणाली, "नव्हते मी, ताई. शेजारच्या खाटेकडे गेले होते. परत आले तेव्हा आबा गेलेले होते."

"तू बोल्ली व्हतीस! येकटा नाय ठेवनार बोल्ली व्हतीस!"

"हो. बोलले होते."

मग नंदाचा आवाज चढला. कसली तुमी सिस्टर, कसलं तुमचं काळीज, पैशे घेता नि मानसाला कुत्र्यावानी सोडता. इनचार्ज सिस्टर धावत आल्या. त्यांनी विचारलं, "कुठे होतीस?" वैशाली म्हणाली, "बाजूच्या बेडला. सॅच्युरेशन कमी दाखवत होतं." बस. एवढंच. माझ्या पडद्याकडे तिने बोटसुद्धा केलं नाही.

आणि मी? मी डोळे मिटून घेतले. झोपेचं सोंग घेतलं. चिमटी बोटावर घट्ट दाबून धरली होती, आकडा जराही हलू नये म्हणून.

संध्याकाळी सुनीता भेटायला आली. "आज इतके गप्प? दुखतंय का?" मी हो म्हणालो.

मी पण हसले होते

दुसऱ्या दिवशी वैशाली ड्युटीवर आली. शेजारच्या खाटेवर नवीन पेशंट होता. तिने माझी सुई बदलली, "टोचते हं काका," म्हणून. तेच शब्द, तोच आवाज. त्यात माझ्यावर राग असता तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, "काल मी चिमटी मुद्दाम सरकवली होती."

"माहीत होतं मला."

"मग आलीस कशाला?"

"आणि एखाद दिवशी खरंच खाली गेला असता आकडा तर? नाही यायचं असं मला ठरवता येत नाही, काका."

मी म्हणालो की मी इनचार्जना सांगतो, नंदाला सांगतो, सगळ्यांना सांगतो. ती सुई बसवत राहिली. मग म्हणाली, "काय सांगाल?"

"की चूक माझी."

"आणि मी हसले ते?"

मला कळलं नाही.

"चिमटी बसवली की लगेच फिरता आलं असतं मला. तुमचं पुढे ऐकायची काय गरज होती? पण आबांचा हात गार पडत चालला होता. त्यांच्यापाशी बसणं लई जड जात होतं. तुम्ही बोलायला लागलात आणि वाटलं, जरा वेळ इथेच थांबावं." तिने पट्टी चिकटवली, अंगठ्याने दाबली. "त्या जरा वेळात गेले ते. रात्रभर तेच येत होतं मनात. सांगायचं तर सगळं सांगा. तुमच्या किश्श्यांसारखा मीठमसाला घालून नको."

या हसणाऱ्या पोरी रोज कुठून उठून हसायला येतात आणि हसून झाल्यावर कुठे परत जातात, हे इतके दिवस डोळ्यांसमोर असून मला दिसलं नव्हतं. मी तिथे हशे मोजत होतो.

वॉर्डात हलवताना मी इनचार्ज सिस्टरना सांगितलं. सगळं. त्या म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. पण त्या ताई परत येऊन गेल्या. या मुलीला इथून काढा म्हणतायत, वरपर्यंत जाईन म्हणाल्या. वैशालीही म्हणते, मला ओपीडीत टाका." त्यांच्या आवाजात नुसता थकवा होता. "चांगली मुलगी आहे हो. अशा दोन-तीन मिळाल्या की आयसीयू चालतं."

जाता जाता एवढंच सांगतो. तुमचं माणूस आत असेल तर तिथल्या घंटांना घाबरू नका, बहुतेक वेळा चिमटीच घसरलेली असते. सिस्टर हसताना दिसल्या तर हसू द्या. आणि तुम्हीच आत असाल तर हात पांघरुणावर ठेवा, दिसतील असे.

दिवाळे

पित्ताशय काढल्यावर चालायची परवानगी मिळाली आणि मी दिवाळ्याला गेलो. सुनीता बरोबर येत होती, मी नको म्हटलं. प्रेक्षक नको होते.

रिक्षात मी कसं सांगायचं ते घोळवलं. सवयच ती. आणि घोळवता घोळवता किस्सा आपोआप सुधारत गेला. सुधारलेल्या किश्श्यात वैशाली येते, चिमटी बसवते, मला झापते आणि तशीच माघारी धावते. हसत नाही. असं सांगितलं तर मुलगी साफ सुटत होती. कोणाला कळणार होतं?

नंदा पाटीमागे बसून कोयत्यावर मोठा रावस कापत होती. मी म्हणालो, "ताई, मी हॉस्पिटलात तुमच्या बाबांच्या शेजारच्या खाटेवर होतो."

"हां. म?"

सांगायला लागलो. चिमटी, घंटा, मत्सर. कोयता थांबला नाही. मी सुधारलेल्या जागेपाशी पोचलो, "सिस्टर आली, तिने चिमटी बसवली आणि," आणि तिथे माझी जीभ अडली. समोरच्या बाईने एवढा वेळ एकदाही मान वर केली नव्हती. तिच्या बापाची शेवटची मिनिटं मी तिला विकायला काढली होती, तीही पाणी मारून.

"आणि ती थांबली," मी म्हणालो. "मी एक किस्सा सांगितला. ती हसली. तुमच्या बाबांपाशी बसणं तिला फार जड जात होतं. म्हणून थांबली. मग गेली तेव्हा उशीर झाला होता."

कोयता थांबला.

"कसला किस्सा?"

"ताई, राहू द्या ना."

"सांग. काय सांगत व्हतास तवा, त्ये सांग."

भर बाजारात, माशांच्या पाण्यात उभं राहून मी तो किस्सा सांगितला. खोकी, नवरीच्या आईचं नाव, चष्मा लावून वाचणारा बाप. शेजारच्या पाटीवरची बाई फसकन हसली. नंदाने तिच्याकडे पाहिलं तशी तिने पदर तोंडाशी धरला.

"माज्या बापसाला ऐकायला येत नव्हता," नंदा म्हणाली. "लय वर्सां झाली. तू काय बोललास, ती काय बोल्ली, त्याला काय बी कललं नसंल. त्याला हात कलायचा. म्हनून तिला बोल्ली व्हती, हात सोडू नको."

ते वाक्य मी पडद्यापलीकडून ऐकलं होतं. लोक बोलतात तसं काहीतरी, असं समजून सोडून दिलं होतं.

एक गिऱ्हाईक आलं. "रावस कसा?" नंदाने भाव सांगितला, घासाघीस केली, तुकडे पिशवीत घातले, पैसे कमरेला खोचले. मी उभाच. गिऱ्हाईक गेल्यावर तिने पाटीवर पाणी शिंपडलं.

"त्या पोरीला मी वंगाल बोल्ली," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "तिचा घास काढाया निघालेली. त्ये मी मागं घेतंय. उंद्या जाऊन सांगतंय त्यांना."

"आणि मी, ताई?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुजा तू बग."

एवढं म्हणून तिने दुसरा मासा पाटीतून ओढला. मागून कोणीतरी माझ्या खांद्याला पिशवी लावली. "ओ शेठ, घ्यायचं नसेल तर बाजूला व्हा ना."

मी बाजूला झालो.